सागवानी बुलबुलतरंग

"हा घ्या काका. आवाज कसा साखरेवानी," असं म्हणत दुकानदाराने गुलाबाची फुलं रंगवलेला बुलबुलतरंग पुंजाजींपुढे सरकवला. एका हाताने चाव्या दाबत, दुसऱ्या हाताने तारा छेडत त्याने एक चालही वाजवून दाखवली.

पुंजाजींनी डोळे मिटून तळहात लाकडावर टेकवला. थोड्या वेळाने मान हलवून तो बाजूला सारला आणि फळीवरच्या मोठ्या, सागवानी बुलबुलतरंगाकडे बोट दाखवलं.

"टरबूज हाय का हे, हात लावून पाहाले?" दुकानदार हसला. "त्या मोठ्याचा आवाज भरडा हाय. काकूले हाच आवडीन."

ही थट्टा पुंजाजींपर्यंत पोचली नाही. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीपर्यंत, रुख्मिणीपर्यंत, ती पोचली.

बारा वर्षं पुंजाजींनी मळ्यातल्या विहिरीवर इंजिनाच्या कुशीत बसून वांग्या-मिरच्यांना पाणी दिलं होतं. इंजिनाने त्यांचे कान नेले. समोरच्या माणसाचं बोलणं ओठांकडे बघून कळे, त्यामुळे घरी कोणाला पत्ता लागला नव्हता. तारेचा बारीक आवाज मात्र तीन वर्षांपूर्वीच पार गेला होता. अकोल्याच्या डॉक्टरकडे रुख्मिणीनेच त्यांना नेलं होतं. परतताना त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता, "तुह्या आईले सांगू नोको. तिले समजलं तं वाजोनं सोडून देईन."

आई, जनकाबाई, रोज दिवेलागणीला ओसरीवर बुलबुलतरंग घेऊन बसे. लग्नाच्या वर्षी पुंजाजींनी जत्रेतून आणलेला, खेळण्याएवढा. कोणी शिकवलं नव्हतं. जात्यावरच्या ओव्यांच्या चाली तिने बोटांनी चाचपत बसवल्या होत्या. कान गेल्यापासून पुंजाजी तिच्याशेजारी डोळे मिटून बसत आणि लाकडावर हात ठेवत. थरथर तळव्यातून वर चढे. त्यांना तेवढं पुरे.

"पन आता जुन्यात दम नाही राह्यला, माय," त्यांनी रुख्मिणीला सांगितलं होतं. "हात ठेवला का चार थरथरी, मंग बंद." म्हणून ते आज मोताळ्याहून बुलडाण्याला आले होते. माहेरपणाला आलेल्या लेकीला सोबत घेऊन.

मोठ्यावर दुकानदाराने तीच चाल वाजवली. पुंजाजींचा चेहरा उजळला. "हा," ते म्हणाले.

राजूर घाट उतरताना त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. एसटी वळण घेई तशा तारा आपोआप झणझणत. पुंजाजी तळव्याने ते टिपत होते. "पाह्य, आतापासूनच बोलून राह्यला."

"एवढा मोठा?" घरी पोचताच आई म्हणाली. "पायन्यात घालून जोजवू का याले?" पण हसत होती. हात पुसून तिने तो ओसरीवर नेला. पुंजाजी तिच्या मागोमाग गेले.

रुख्मिणी चुलीशी बसली होती. बाहेर चाल सुरू झाली. दुसरी भाकरी फुगायच्या आत ती थांबली. जरा वेळाने पुंजाजी पाणी प्यायला आत आले. तांब्या हातात घेऊन उभेच राहिले.

"हाबी तसाच निंघाला, माय."

रुख्मिणीला वाटलं, बहिरेपण आता हातात उतरलं. तिने त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं, "तारा ढिल्या असतीन, बाबा. उद्या कसून पाहू."

"हाव. उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्यांना पाणी सोडता सोडता पुंजाजी बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. इंजिन दुपारपर्यंत चालू होतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. रुख्मिणी निघायच्या तयारीत होती. आईने सागवानी बुलबुलतरंग धुतल्या लुगड्यात गुंडाळून तिच्या पिशवीशेजारी आणून ठेवला.

"हा तू घेऊन जाय."

"काऊन व, आई? बाबानं तुह्यासाठी आनला."

"कायले आनला, तेच मले समजत नाही." आई खाली बसली. "त्याईले माहं वाजोनं नकोच होतं. तीन वर्सं झाले. मी वाजवाले बसली का जवळ येऊन बसत, डोये मिटत, आन् बाज्यावर हात ठेवत. आता पुरे, म्हनून. तोंडानं कधी बोलले नाही, भला मानूस. मंग मीबी इचारलं नाही. हात ठेवला का मी बंद करो."

रुख्मिणी तिच्यासमोर खाली बसली.

"त्या दिशीबी," आई म्हणाली, "नवा बाजा, म्या मनात म्हटलं आज तरी आयकतीन. दोन ओळी नाही झाल्या तं हात ठेवला."

आईने लुगड्याची टोकं जवळ घेतली आणि गाठ मारायला लागली. रुख्मिणी तिच्या बोटांकडे बघत राहिली. गप्प बसलं, तर ही बाई उरलेला जन्म नकोशी होऊन काढील. सांगितलं, तर तीन वर्षांतली एकेक संध्याकाळ परत मोजत बसेल, आणि मोजणं संपणार नाही. शब्द दिला होता तो हिने वाजवणं सोडू नये म्हणून. आणि ही तर रोज सोडत आली होती.

तिने आईच्या हातातलं लुगडं सोडवून घेतलं.

"आई, बाबाले आयकू येत नव्हतं. ते हात ठेवूनच आयकत होते."