करंट जातच न्हाय

झांझिबारच्या समुद्रकाठी राहणारी शिवलीला आईला लग्नापासून बोलावत होती आणि सोलापूरच्या दाक्षायणीबाई दरवेळी पंख्याचं कारण काढून टाळत होत्या. आज व्हिडिओ कॉलवरही तेच. “तुमच्या बेटावर सारखा करंट जातो म्हणं. पंख्याबिगर मला झोप न्हाय.” “कोण म्हणतं, अव्वा? हितं करंट जातच न्हाय!” “मग अंधारात का बसलीस गं?” “डास येतात, म्हणून दिवा मालवलाय.” तेवढ्यात खोली उजळली आणि लेकीच्या मांडीवरच्या नातीनं, सोलापूर कधीही न पाहिलेल्या पोरीनं, बल्बकडे बघून हात जोडले. गेलेला करंट आला की दाक्षायणीबाईंच्या घरी सगळे असेच हात जोडत. थाप उघडी पडली. शिवलीलानं आशाच सोडली. दाक्षायणीबाई मात्र त्या इवल्या हातांकडेच बघत होत्या. “तिकीट काढ, लबाडे,” त्या म्हणाल्या. “येताना कडक भाकऱ्या आणते. त्यांना फ्रिज लागत न्हाय.”