आधी चांगली बाजू

"मॅडम, ती नाही. दुसरी," धाकटा कसाबसा म्हणाला. नजर छताला, कान लालबुंद.

"माहीत आहे," सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी चांगली बाजू बघायची. चांगलं कसं दिसतं ते कळल्याशिवाय बिघडलेलं काय ओळखणार?" त्यांनी थंडगार जेल लावलं आणि पडद्याकडे तोंड केलं. त्यांचं हे रोजचंच काम होतं. लाज सगळी धाकट्याच्याच वाट्याला आली होती.

सकाळी दोघे भाऊ गिऱ्हाइकाचं लाकडी कपाट जिन्यावरून उतरवत होते. दादा वर, हा खाली. आठवडाभर दोघांत धुसफूस चालली होती. धाकट्याला वेगळं दुकान थाटायचं होतं आणि दादाला ते मुळीच पटत नव्हतं. अर्ध्या जिन्यात धाकट्याने तोच विषय पुन्हा काढला. दादाच्या हातून कपाट गेलं आणि त्याचा कोपरा नेमका नको तिथे बसला. सुटलं, की सोडलं? दुपारपर्यंत धाकट्याच्या डोक्यात हेच घोळत होतं. लग्न महिन्यावर आलं होतं. वृषण फाटलं असेल तर आजच ऑपरेशन, कदाचित काढावंही लागेल, असं दवाखान्यात आल्या आल्या सांगितलं होतं. तसं झालं तर जन्मात दादाचं तोंड पाहायचं नाही, हे त्याने पक्कं ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरबाई चांगल्या बाजूवर बराच वेळ रेंगाळल्या. मग मार लागलेल्या बाजूला गेल्या. पुन्हा पहिल्या बाजूला आल्या.

"लागलेलं शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "फाटलेलं नाही, रक्तपुरवठा छान आहे. भोवती रक्त साकळलंय, ते जिरेल."

त्याचा जीव भांड्यात पडला. बाईंनी मात्र हात उचलला नाही.

"या चांगल्या बाजूला एक गाठ आहे. वाटाण्याएवढी. ही आजच्या माराने झालेली नाही, आधीपासूनची आहे. दुखत नाही, म्हणून लोक येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुम्ही वेळेत आलात. आजच सर्जनना भेटा. इतक्या लवकर सापडली की माणूस बहुतेक पूर्ण बरा होतो."

कपडे घालून त्याने रिपोर्ट घेतला. इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

बाहेर दादा बाकावर बसला होता. सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. धाकटा फेंगडत येताना दिसला तसा तो उठून उभा राहिला.

"दादा, खरं सांग. कपाट सुटलं, की सोडलंस?"

दादाने मान खाली घातली.

"सोडलं. एक क्षण डोकं फिरलं रे माझं."

धाकट्याने रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याचं वाचून होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "बरं केलंस."