कानामागचा तीळ

न्हावीकाकांचा वस्तरा माझ्या डाव्या कानामागे आला, की दरवेळी उचलला जातो आणि जरा पुढे टेकतो. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. न्हाव्याला वस्तरा धरायला कोण शिकवणार? आज मात्र सहज विचारलं.

"तीळ आहे ना तुझा तिथं," काका म्हणाले. "लहानपणी एकदा माझ्या हातून त्याला वस्तरा लागला. बाबांच्या मांडीवर किती रडलास!"

ते रडणं मला आठवत होतं. तुरटीची चुरचुरसुद्धा.

"पण काका, मला तीळच नाही."

त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला.

बाकावर पेपर वाचत बसलेला माणूस उठून शेजारच्या खुर्चीत बसला. काकांनी त्याची मान वाकवली. वस्तरा डाव्या कानामागे आला, उचलला गेला, जरा पुढे टेकला.

"हा बघ!" काकांचा जीव भांड्यात पडला. "आहे की जागेवर."

तेवढ्यात माझी लेक दारात आली. "बाबा, झालं का? आई थांबलीय."

"आलोच," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ती शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे बघत होती.

काकांनी माझ्या अंगावरचं कापड काढून झटकलं आणि अदबीनं विचारलं,

"तुम्ही इकडे नवीन का हो?"