चौकात बंद पडलेली गाडी

“एका शब्दात सांग,” बाप म्हणाला. “जगेल की नाही?”

मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी त्याच्यासमोर उघडी पडली होती. मागचं सीट काढून भिंतीला टेकवलेलं. मीटरवर चार लाख बारा हजार किलोमीटर. डाव्या दारावर लांबलचक ओरखडा, मागच्याच महिन्यातला.

लेक बापाच्या मागे उभी होती. सकाळीच तिने मेकॅनिकला फोन केला होता. “दुरुस्त होण्यासारखी असली तरी होणार नाही म्हणा. बाबा गाडी घेऊन निघाले की माझा जीव टांगणीला लागतो. एक दिवस कुणाच्या तरी अंगावर घालतील.” त्यावर तो एवढंच म्हणाला होता, “ताई, पंचवीस वर्षांत मी गाडीबद्दल खोटं बोललेलो नाही. जमायचं नाही.” आणि फोन ठेवला होता.

बापाने चौतीस वर्षं टॅक्सी चालवली, शेवटची अकरा याच गाडीवर. एकाही प्रवाशाला खरचटलं नव्हतं. घरी आलेल्या पाहुण्याला हे चहाच्या आधी ऐकावं लागे. आता वय एकाहत्तर. एकच बांधलेलं भाडं उरलं होतं: एका निवृत्त शिक्षिकेला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणं आणि आणणं. लेकीने दोनदा चावी मागून पाहिली. पहिल्या वेळी त्याने जेवण सोडलं. दुसऱ्या वेळी बोलणं. मग या मंगळवारी गाडी मोठ्या चौकात, ऐन सिग्नलला बंद पडली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं. पण बंद पडलेली गाडी दुरुस्तही होते, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं.

मेकॅनिकची एक पद्धत होती. बिघडलेला भाग गिऱ्हाईकाच्या हातात ठेवल्याशिवाय तो बिघाड सांगत नसे. बापाला ती पद्धत पाठ होती. आज मेकॅनिकचे हात रिकामे होते.

“बॅटरी गेली,” तो म्हणाला. “नवी टाकाल, पण इंजिनही दमलंय. काका, हिच्यावर आता खर्च करू नका.”

लेकीने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आता बाबा म्हणणार, दाखव.

“काहीतरीच!” बाप कडाडला. “तुझं तपासणीचं मशीनच बिघडलंय. मागच्या आठवड्यात चढावर हरणासारखी पळत होती.”

“मशीनला काय पडलंय काका, खोटं बोलायला.”

“बाबा, आपण नवी बघू या का?” लेक विचारायचं म्हणून विचारून गेली.

“या वयात नवी बायको आणि नवी गाडी, दोन्ही लोकांना हसवायलाच.”

त्याने खिशातून जादा चावी काढली आणि टेबलावर ठेवली. ती कडेवरून खाली पडली. लेकीने उचलली. मेकॅनिकने पुढे केलेला तपासणीचा कागद बापाने न बघताच लेकीकडे सरकवला.

“मास्तरीणबाईंची सोय मी बुधवारीच लावली आहे,” तो म्हणाला. “दुसरा नेतोय त्यांना.”

मग भिंतीला तळहात लावत तो बाहेर गेला. दाखव, असं तो म्हणालाच नाही.

लेकीला मेकॅनिककडे बघवेना. “माझ्यासाठी तुम्हाला खोटं बोलावं लागलं.”

मेकॅनिकने खणातून तळहाताएवढी एक जाळी काढली. लोकरीसारख्या करड्या धुळीने ती गच्च भरली होती. त्याने ती तिच्या हातात ठेवली.

“बॅटरीला हवा जाते ती इथून, मागच्या सीटखालून. एवढंच तुंबलं होतं. त्यानेच मीटरवर धोक्याचा दिवा लागायचा. नवी जाळी बसवली, दिवा गेला. गाडी अजून दोन वर्षं सहज काढेल.” त्याने खण बंद केला. “आणि तुमच्यासाठी नाही बोललो. तुम्हाला मी नाही म्हटलं होतं.”

“मग कुणासाठी?”

त्याने दाराबाहेर पाहिलं. बाप बाकावर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून.

“मंगळवारी काका इथे चालत आले. म्हणाले, गाडी चौकात आहे, घेऊन ये. आणि ती गेली असं माझ्या लेकीसमोर सांग. ती चावी मागेल तेव्हा माझ्याच्याने देववणार नाही. मी गेलो, बटण दाबलं. पहिल्या झटक्यात सुरू झाली.”

“पण ती तर बंद पडली होती.”

“पडली नव्हती, ताई. सिग्नल लाल की हिरवा ते दिसेना, म्हणून त्यांनीच बंद केली.”