फोनचा पहारेकरी

बुटांच्या खोक्यात एक बूट गेला, दुसरा जाईना. साहेबांनी तो उभा घालून पाहिला, आडवा घालून पाहिला, शेवटी डिझायनरच्या टेबलावर आपटला.

"दुकानदाराने आता एकेक बूट सुटा विकायचा का?"

पुठ्ठ्याच्या खोक्यांची मापं काढणं हे डिझायनरचं काम, आणि शेजारी फोनवर मांजरांचे व्हिडिओ चालू. तिकडे मांजराने उडी मारली की इकडे माप चुकलंच म्हणून समजा.

"आणखी एक चूक झाली, तर मालकीणबाई नारळ देतील तुम्हाला," साहेब म्हणाले.

घरी बायकोने वेगळ्या शब्दांत तेच ऐकवलं. "लेकीला आत्ता कुठे शाळेत घातलंय. तुमची नोकरी गेली तर ती मांजरं येणारेत का फी भरायला?"

उपाय साहेबांनीच काढला. डिझायनरच्या फोनवर त्यांनी 'लगाम' नावाचं ॲप टाकलं. व्हिडिओ उघडायला गेलं की पहारेकऱ्याच्या फोनवर विनंती जायची. त्याने लगेच 'नाही' दाबलं नाही, तर कुलूप आपोआप उघडायचं. पहारेकरी अर्थातच साहेब.

"मालकीणबाईंना इतक्यात बोलू नका," साहेबांनी बजावलं. "काम सुधारू दे, मग मीच सांगेन." श्रेय वाटून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

पण जित्याची खोड ती! डिझायनरचे हात शिवशिवायचे, विनंती जायची. काचेच्या केबिनमधून 'नाही' यायचं. तो सुस्कारा सोडून पुन्हा पट्टी उचलायचा. करायला दुसरं काहीच उरलं नाही, म्हणून बिचारा काम करू लागला. कपबशा खोक्यात हलेनाशा झाल्या. बाटल्या न फुटता पोचू लागल्या. गिऱ्हाइकांचे चक्क कौतुकाचे फोन यायला लागले.

साहेब डोळ्यांत तेल घालून बसले होते. जेवताना 'नाही', मीटिंगमध्ये टेबलाखालून 'नाही'. "सुटका नाही तुमची!" असं दारातून डोकं काढून ते खुशीत ओरडत. मालकीणबाई जिन्यावरून येता-जाता सगळीकडे नजर टाकत, बोलत मात्र काही नसत.

महिनाअखेरीस त्या थेट डिझायनरच्या टेबलापाशी आल्या. नेमका तेव्हाच त्याचा अंगठा फोनवर गेला होता.

"टेबल रिकामं करा," त्या म्हणाल्या.

त्याने घाईने फोन पालथा घातला. "बाई, एक संधी द्या. पदरात लहान मुलगी आहे."

"तिचा इथे काय संबंध? फोनचा हा नाद माझ्या ऑफिसात चालायचा नाही. आवरा लवकर."

त्याने पट्टी, कात्री, जेवणाचा डबा पिशवीत कोंबला. बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? डोळे भरून आले. नाक पुसत तो जिन्याकडे वळला.

"तिकडे कुठे?"

"घरी."

मालकीणबाईंनी काचेकडे बोट केलं. आत साहेब मान खाली घालून, जिवाच्या आकांताने फोनवर काहीतरी दाबत होते.

"सामान केबिनमध्ये न्या. महिनाभर बघतेय, या माणसाला फोनमधून डोकं वर काढायला फुरसत नाही. उद्यापासून साहेब तुम्ही."