कष्टाचं चीज

घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेल्यामुळे बाबांना कुठेही आधी खोटच दिसायची. थोरलीने त्यांच्या आजारपणासाठी नोकरी सोडली, तरी चहा कोमट, उशी टणक आणि सूप म्हणजे नुसतं गरम पाणी! ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

गेल्या आठवड्यापासून मात्र नवलच घडलं. चहा तोच, उशी तीच, पण बाबा म्हणू लागले, "वा! झकास!" थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. तिने लगेच धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, बाबा पार बदलले रे! उशिरा का होईना, माझ्या कष्टाचं चीज झालं."

फोन ठेवून ती सूप घेऊन खोलीत गेली. बाबांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली, तिचा हात घट्ट धरला आणि दाराकडे बघत हळूच म्हणाले,

 

"बाई, तुम्ही इथेच राहा हो. तुम्ही गेलात की माझी थोरली येईल, आणि तिला एक काम धड जमत नाही."