न उडालेलं काडतूस

धाकट्या लेकीचं, कार्मिनचं लग्न झालं आणि बस्त्यावचं घर रिकामं झालं, ते साल सत्त्याण्णव. पाऊस सरल्यावर तो आपली जुनी विलायती रायफल घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या इनासकडे आला. आपोआप काडतूस भरणारी तसली पॉइंट टू-टू वसईत दुसरी नव्हती.

"बार उडत नाही. रानडुक्कर समोरून निसटलं," तो म्हणाला.

इनासने न उडालेलं काडतूस उजेडात धरलं. त्याच्या बुडाच्या कडेवर चारी बाजूंनी पिनचे घाव होते.

"काढलंस, फिरवलंस, परत परत भरलंस. डुक्कर तेवढा वेळ उभं राहिलं होय रे?"

बस्त्याव हसला. "म्हातारं होतं, माझ्यासारखं."

रायफलीत दोष नव्हता, काडतूसच खराब होतं; तरी इनासने रायफल ठेवून घेतली. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो सांगत राहिला, "हिचा पार्ट मिळत नाही, थांब जरा."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बस्त्याव घरामागच्या बावखलात बुडून मेला.